मागच्या सीटवरचा बिरुदेव

"परवडत नसंल तर उतर की," मानसिंगआप्पा म्हणाले, आणि मी उतरले.

उतरायला काय, पाय लागतात. पण कुठं उतरतोय ते बघायला डोकं लागतं, आणि मी चिडले की ते जाग्यावर नसतं, असं आमची आई म्हणते. बार्शी-सोलापूर रस्ता, एप्रिलचं ऊन, सकाळचे साडेआठ, सोलापूर अजून सोळा किलोमीटर... आणि रस्त्याच्या कडेला मी, माझा डबा आणि माझा राग.

झालं होतं असं. आमच्या हिंगणवाडीतून सोलापूरला जायचं म्हणजे मानसिंगआप्पांचं वडाप. वडाप म्हणजे त्यांची अकरा जणांची जीप, जिच्यात सतरा जण बसतात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, कबूल. पण ती आमच्या फाट्यावर थांबली तर ना. भरून येते आणि तशीच निघून जाते. मी नवी पेठेत मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होते. साडीला ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल जुळवून द्यायचं काम. आमचे शेठ दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे, म्हणून वडापशिवाय गत नव्हती. आणि त्या सकाळी मानसिंगआप्पांनी तिसाचे चाळीस केले.

"डिझेल वाढलंय," ते म्हणाले.

"डिझेल वाढलं की तुम्ही भाडं वाढवणार. मग माझा पगार कोण वाढवणार?" मी म्हणाले. "एकदम दहा रुपये कुणाच्या जिवावर?"

जीपमधली सगळी माणसं आपापल्या चपला बघत बसली. मनात सगळ्यांच्या तेच होतं, पण तोंड एकटीनं उघडायचं ते मी. मग ते 'उतर की' आलं, आणि मी उतरले.

जीप गेली. बघते तर माझ्या मागं अजून एक जण उतरलेला. उंच, सावळा, इस्त्रीचा निळा शर्ट, खांद्याला पिशवी, आणि पिशवीच्या ओझ्यानं एक खांदा खाली गेलेला. आमच्याच गावातल्या धनाजीतात्यांचा पुतण्या, बिरुदेव. तोंडओळख होती, बोलणं कधीच नव्हतं.

"तुम्ही का उतरलात?" मी विचारलं.

"तुमचं खरं होतं म्हणून."

"मग आत बोलला का नाहीत?"

"तुमी बोलत होता की," तो शांतपणे म्हणाला. "मधी शिरायला जागा कुटं होती?"

मला हसू आलं. पण मी चिडलेली होते, त्यामुळं ते स्टोलच्या आत ठेवलं. आमच्याकडच्या पोरी उन्हात तोंडाला स्टोल गुंडाळतात, डोळे तेवढे बाहेर. त्याचा उपयोग उन्हापेक्षा अशा वेळी जास्त होतो.

शेवटी एका द्राक्षाच्या टेम्पोनं आम्हाला घेतलं. रिकाम्या कॅरेटवर बसून सोलापूर गाठलं. वाटेत कळलं की तो काटे दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे वजनकाटे तपासायचे, चुकत असतील तर बरोबर करायचे.

"आणि पिशवीत एवढं काय?"

"वजनं. काटा खरं बोलतो का बघाय लागतात."

"माणसं तपासायचं काही नाही का त्यात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं... आणि लगेच रस्त्याकडं. "न्हाय अजून," म्हणाला.

दुकानात पंचवीस मिनिटं उशिरा पोचले. अर्धा दिवस गेला. मी मनाशी शपथ घेतली, मानसिंगआप्पांच्या जीपमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही.

दादाची स्कूटी गोठ्यात पोत्याखाली उभी होती. तो पुण्याला नोकरीला गेला आणि इकडं पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मी ती बाहेर काढून धुतली. वडील, म्हणजे आमचे आप्पा, दारात उभे राहून म्हणाले, "पेट्रोल कोण घालणार?"

"मी."

तीन दिवसांत माझे डोळे उघडले. पंपावर आता लिटर हा शब्दच कुणी काढत नाही. शंभरचं टाका, पन्नासचं टाका. भाजीचा टेम्पोवाला, रिक्षावाला, दूधवाला, सगळे खिशातली नोट हातात धरून आकडे पळताना बघत असतात, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मानसिंगआप्पांना त्या जीपचं डिझेल भरताना काय होत असेल ते मला तिथं उभं राहून कळलं. बोलले ते जरा जास्तच बोलले, असंही वाटलं. आणि वर गंमत अशी, की एकटीनं स्कूटीवर जाणं चाळीसच्या वडापपेक्षाही महाग पडत होतं. पण बोलून बसले होते ना. आता मान ताठ आणि पर्स रिकामी.

चौथ्या दिवशी फाट्यावर बिरुदेव उभा दिसला. वडाप निघून गेलं होतं. मी गाडी थांबवली.

"तुम्ही गेला नाहीत वडापनं?"

"तुमी न्हाय म्हटल्यावर मला बी बसवंना."

काय बोलायचं अशा माणसाशी? मी म्हणाले, "बसा. पेट्रोल निम्मं-निम्मं. एक दिवस तुमची पाळी, एक दिवस माझी."

तो पुढं आला आणि चावीसाठी हात पुढं केला. अगदी सहज, जसं काही ते ठरलेलंच आहे.

"गाडी कुणाची?" मी विचारलं.

"तुमची."

"मग चालवणार कोण?"

त्यानं एकदा गावाच्या रस्त्याकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. मग मागं बसला, वजनांची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून.

तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे कुठून नक्की ते मला सांगता येणार नाही. डावा आरसा मी जरा आत वळवला, ते मागची गाडी नीट दिसावी म्हणून, असं मी स्वतःला आठवडाभर सांगत होते. आरशात मागची गाडी दिसत नव्हती. निळा शर्ट दिसत होता.

वाटेत एक लांबलचक उतार आहे. तिथं मी इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचतं म्हणतात. किती वाचतं देव जाणे, पण त्या दीड मिनिटात आवाज थांबायचा, आणि बोललेलं ऐकू यायचं. आमचं सगळं बोलणं त्या उतारावर झालं. रोज दीड मिनिट जाताना एका उतारावर, दीड मिनिट येताना दुसऱ्या. बाकी वेळ नुसता वारा.

"तुमचं वजन किती?" एकदा मी विचारलं.

"एकसष्ट."

"आणि पिशवीचं?"

"नऊ."

"सत्तर किलोला माझी गाडी ॲव्हरेज देईना झालीय."

उतार संपला. मी इंजिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी तो आला तर खांदे दोन्ही सारखे.

"पिशवी?"

"दुकानात ठिवली. तुमच्या गाडीला जड हुतीय म्हणला की."

पिशवी गेली आणि मध्ये वीतभर जागा राहिली. ती वीत त्यानं कधी मोडली नाही. ब्रेक लागला तरी मागची कडी घट्ट धरून बसायचा. मला मात्र त्या वीतभर जागेचीच सवय व्हायला लागली होती, आणि रविवारी सुट्टीला ती आठवायची.

तिसऱ्या आठवड्यात उतारावर त्यानं विचारलं, "तुमाला घरी विजू म्हणत्यात ना?"

"हो. सगळेच म्हणतात."

"मी विजयमाला म्हणू? पुरं?"

"एवढं लांब?"

"लांब हाय तेच बरं हाय," तो म्हणाला. "उतार बी लांबच हाय की."

मग आम्ही 'तुम्ही' सोडून 'तू'वर आलो. कधी, ते कळलंही नाही.

संध्याकाळी येताना मात्र तो रोज फाट्यावर उतरायचा. फाट्यापासून गाव दोन किलोमीटर. मी गाडीवर पुढं जायचे, तो मागून चालत यायचा.

"चल की गावापर्यंत," मी म्हणायचे.

"नको. तुझ्या नावाला कुणी बोलाय नको."

मला किती बरं वाटायचं. दिवसभर दुकानोदुकानी काटे तपासून थकलेला माणूस माझ्या नावासाठी रोज दोन किलोमीटर चालतोय. मी घरी पोचून चहा घेताना त्याचं चालणं मोजायचे... आता ओढ्यापाशी असेल, आता शाळेपाशी.

मे महिन्यात ऊन असं पेटलं की संध्याकाळी सहालासुद्धा डांबर भाजायचं. एके दिवशी फाट्यावर तो उतरला, आणि मी म्हणाले, "बस. आज मी तुला गावात सोडणार. बोलायचं त्यांना बोलू दे. माझं नाव माझ्याजवळ आहे, मी सांभाळीन."

तो उभाच राहिला. चपलेच्या टोकानं माती उकरायला लागला.

"मग असं करू..." तो म्हणाला. "हितनं मी चालवतो. तू मागं बस."

"का?"

"हॉटेलापुढं आमचं तात्या बसत्यात. पोरं असत्यात..."

"मग?"

"बाईच्या मागं बसून... गावात..."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"म्हणजे महिनाभर चालत येत होतास ते माझ्या नावासाठी नव्हे," मी म्हणाले. "तुझ्या मिशीसाठी."

"विजयमाला, तसं न्हाय..."

"कसं मग? वीस किलोमीटर माझ्या मागं बसायला चालतं. पेट्रोल वाचतंय तोवर चालतं. शेवटचे दोन किलोमीटर तेवढे चालत नाहीत. काटे खरे बोलतात का बघत हिंडतोस रे, स्वतःचं काय?"

मी गाडी सुरू केली आणि निघाले. स्टोलच्या आत डोळ्यांतलं पाणी नाकापर्यंत आलं होतं. मला तो आवडत होता. साधंसुधं नाही, जीव लागला होता, आणि म्हणूनच एवढं लागलं.

घरी आप्पा वाटच बघत होते. बार्शीचं स्थळ आलं होतं. मुलाचं बाजारात स्वतःचं आडतीचं दुकान. पुढच्या रविवारी बघायला येणार होते. "पोरीनं नोकरी करायची गरज न्हाय म्हणत्यात," आई कौतुकानं म्हणाली.

"आणि करायची असली तर?"

"कशाला?" आप्पा म्हणाले. "पगारातला निम्माशिम्मा पेट्रोलात जातुया. दुसऱ्याच्या दुकानात रंग जुळवायला आपलं पेट्रोल जाळायचं? ह्यात शहाणपण कुटं हाय, सांग."

"माझा पगार, माझं पेट्रोल," मी म्हणाले. पण मनातून मी घाबरले होते. गाडी थांबली की नोकरी थांबणार, आणि नोकरी थांबली की मला बार्शीला पाठवायला घरच्यांना कारण मिळणार. नवी पेठेतलं ते काउंटर लहान होतं, पगार त्याहून लहान. पण तिथं मोरपंखी आणि मेंदी यातला फरक माझ्या डोळ्याला विचारूनच ठरायचा. ते मला सोडायचं नव्हतं.

म्हणून आठ दिवस मी एकटी गेले. बिरुदेव पुन्हा वडापनं जायला लागल्याचं कळलं. मी पन्नासचं टाकायचे, कधी तीसचं. स्कूटीचा पेट्रोलचा काटा तर केव्हाच बंद पडलेला, अंदाजावर सगळं चाललेलं. उतारावर इंजिन बंद करायचे, पण ऐकायला काही नव्हतं.

शनिवार उजाडला. बार्शीचे लोक उद्यावर आले. संध्याकाळी दुकानात लग्नसराईची गर्दी, बायका काउंटरवर साड्या पसरून उभ्या, आणि त्यांच्यामध्ये हा निळ्या शर्टात येऊन उभा राहिला. हातात साडी नाही, काही नाही.

"काय दाखवू?" मी गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं.

"मला घरी जायचंय."

"वडाप आहे."

"वडाप नको. तुझ्या मागं बसून जायचंय."

माझ्या शेजारी काउंटरवर काम करणारी काशम्मा फॉल मोजता मोजता थांबली. समोरच्या दोन बायकाही थांबल्या.

"फाट्यापर्यंत?" मी विचारलं.

"न्हाय. हॉटेलापुढनं. तुझ्या घरापतुर."

"तात्या असतील."

"असू दे."

"पोरं असतील."

"असायलाच पायजेत," तो म्हणाला. "कुणी बघणार नसंल तर बसून उपयोग काय?"

"मॅडम, आधी यांचं बघा," समोरची बाई हसू दाबत म्हणाली. "आमचं अस्तर काय पळून चाललं नाही."

साडेसहाला निघालो. मी एक शब्द बोलले नाही. लगेच विरघळायला मी काय बर्फाचा गोळा आहे? पंप आला तसा तो मागून म्हणाला, "थांब, पेट्रोल टाकू. माझी पाळी हाय."

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले, आणि पंप मागं गेला. उतारावर मुद्दाम इंजिन चालू ठेवलं. बोलायचंच नव्हतं मला. पण आरसा आत वळलेला होता तो तसाच होता.

फाटा आला. मी वेग कमी केला... तो उतरला नाही. अजून कमी केला. तो म्हणाला, "चल."

ओढा गेला, शाळा गेली. हॉटेल आलं. शनिवारची संध्याकाळ, दोन्ही बाकडी भरलेली. मधोमध धनाजीतात्या कपातला चहा बशीत ओतत होते, शेजारी मानसिंगआप्पा, भोवती पोरं. सगळ्या माना एकदम वळल्या. मी हँडल हलू दिलं नाही. आरशात बघितलं. त्याचं तोंड लाल झालेलं, पण मान सरळ.

आणि तिथंच, बरोबर हॉटेलाच्या समोर, स्कूटीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

पेट्रोल संपलं होतं. माझ्या तोऱ्यापायी. जमीन दुभंगली असती तर मी गाडीसकट आत गेले असते.

पोरं हसायला लागली. तात्यांनी बशी खाली ठेवली. "काय रं बिरू," ते म्हणाले, "बाईच्या मागं बसून यायला लागलास व्हय? बांगड्या कवा भरतुयास?"

बिरुदेव गाडीवरून उतरला. मला वाटलं, संपलं. आता हा मला उतरवून हँडल हातात घेणार, नाहीतर सरळ घरची वाट धरणार. मी उतरायला पाय खाली टेकवला.

"बसून ऱ्हा," तो म्हणाला. "हँडल सोडू नको."

तो मागं गेला आणि दोन्ही हातांनी गाडी ढकलायला लागला, मला वर बसवून.

"अरं, तिला उतरव तरी," तात्या म्हणाले.

"गाडी ती चालवतीया तात्या," बिरुदेव ढकलता ढकलता म्हणाला. आवाज जराही चढलेला नव्हता. "महिना झाला, मी हिच्या मागं बसून सोलापूरला गेलो. पेट्रोल निम्मं भरलं, आन् फाट्यावर लपून उतरलो. त्येची लाज वाटली मला. बसायची न्हाय वाटत. बांगड्यांचं म्हणाल, तर हिच्या हातात बांगड्याच हायत, आन् तुमच्या समद्यांपरीस नीट गाडी हाणती ती."

पोरांचं हसणं विरलं. कुणीतरी खोकलं. मानसिंगआप्पा बाकड्यावरून उठले, माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्याकडं डिझेल हाय पोरी, पेट्रोल न्हाय. नायतर बाटलीभर दिलं असतं."

"राहू द्या आप्पा," मी म्हणाले. "त्या दिवशी मी पण जास्तच बोलले."

"त्यात काय. मी बी घरातनं भांडूनच निघालो हुतो त्या दिवशी."

मी हँडल घट्ट धरून बसून राहिले. अख्खं हॉटेल बघत होतं आणि मी मान खाली घातली नाही. ज्यांना मला उतरलेलं बघायचं होतं, त्यांच्यासाठी तर मुळीच उतरणार नव्हते.

देवळामागच्या बोळात वळल्यावर मात्र कुणी नव्हतं. मी गाडी थांबवली आणि उतरले.

"का उतरलीस?"

"आता दोघं ढकलू. दमलास तू."

एका बाजूनं मी, एका बाजूनं तो. बोळ चढाचा होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, माझाही.

"विजयमाला..." तो म्हणाला. "आठ दिस वडापात बसलो. सतरा माणसं असायची, तरी रिकामं रिकामं वाटायचं. मला तू लई आवडतीस. हे उतारावर सांगायचं हुतं. पण आज तू इंजिन बंदच केलं न्हाईस."

"मग चढावर सांग की," मी म्हणाले. "इथंही ऐकू येतंय."

"सांगितलं की आता."

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. मी स्टोल सोडला. महिनाभर आरशात त्यानं माझे नुसते डोळे बघितले होते. आज मी त्याला सगळं तोंड बघू दिलं, घामेजलेलं, धुळीचं, हसरं.

आमच्या दारात आप्पा उभे होते. आमच्या आधी बातमी पोचली होती, गावात तिला पेट्रोल लागत नाही. आई त्यांच्या मागं, पदर तोंडाला लावून.

"हे काय चाललंय, विजू?" आप्पा म्हणाले. "उद्या बार्शीची माणसं येणार हायत."

"त्यांना नको म्हणून कळवा आप्पा," मी म्हणाले. "पेट्रोल दोनशेला गेलं तरी मी नोकरी सोडणार नाही. एकटीला परवडणार नाही, हे तुमचं खरं आहे. म्हणून मी एकटी जाणार नाही. लग्न झालं तरी गाडी मीच चालवणार, आणि नवरा मागं बसणार. बार्शीचा बसणार असेल तर विचारून बघा."

बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. लग्नाचं मला अजून कुणी विचारलंच नव्हतं. कान तापले. शेजारी बघायची हिंमत होईना.

आप्पांनी बराच वेळ बिरुदेवला निरखलं. भिजलेला शर्ट, काळे झालेले हात.

"व्हय रं," शेवटी ते म्हणाले. "तू बसशील मागं? जलमभर?"

"बसूनच आलोय की," बिरुदेव म्हणाला. "समद्या गावानं बघितलंय. आता माझ्याशी दुसरं कोण लगीन करतंय, आप्पा?"

आईनं पदराआड हसू लपवलं. आप्पांना ते लपवता आलं नाही. ते वळून आत निघाले, आणि जाता जाता मला म्हणाले, "उभी का? चहा टाक. आन् त्याला आत बोलव. आज तरी त्याला पुढं बसू दे."